ना मार्क, ना छडी: कोकणातल्या शाळेत चॅप्लिनचं काम कसं करावं

मे महिन्यात बदलीचं पत्र येतं. त्यात पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या विभागाचं, नाव असतं आणि खाली एक ओळ: 'शाळेची आध्यात्मिक जबाबदारीही आपल्याकडे राहील.' हेच चॅप्लिनचं काम, म्हणजे शाळेतल्या मुलांची आध्यात्मिक काळजी घेणं. त्या ओळीत काय काय येतं ते कोणी सांगत नाही. जूनच्या मध्यावर, पाऊस कोसळत असताना, शाळा उघडते आणि मुख्याध्यापक पहिलाच प्रश्न विचारतात, "फादर, तुम्ही आठवड्याला किती तास घेणार?"

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर दहा-अकरा वर्षं हे काम करतो आहे. पत्रातली ती ओळ नव्याने ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. तुम्ही फादर असा, सिस्टर असा, पाळक असा किंवा मंडळीतले निवृत्त शिक्षक असा, थोडाफार फरक करून सगळ्यांना लागू पडेल. फरक जागेचाही पडतो. वसईकडे वर्गात आपली ख्रिस्ती मुलं पुष्कळ असतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे एका वर्गात दोन किंवा तीन, कधी एकही नाही. मी या दुसऱ्या परिस्थितीबद्दल लिहितो आहे, कारण खरी पंचाईत तिथेच होते.

आधी कागद करून घ्या

शाळेत सगळ्यांच्या हातात काही ना काही असतं. शिक्षकांच्या हातात मार्क, पर्यवेक्षकांच्या हातात शिस्त, क्लार्कच्या हातात फीची पावती, शिपाईमामांच्या हातात घंटा. चॅप्लिनच्या हातात काहीच नसतं, आणि तेच त्याचं भांडवल. ज्याच्याकडून काही मिळणार नाही आणि जो काही काढून घेणार नाही, अशा माणसाशी मूल बोलतं. शाळा हे भांडवल नकळत खर्चून टाकायला बघते. कोणी रजेवर गेलं की ऑफ तासाला फादरना पाठवा, गॅदरिंगला देणग्या गोळा करायला फादरना पुढे करा, मस्ती करणाऱ्या पोराला 'फादरकडे ने' म्हणून दम द्या.

माझं पहिलं वर्ष यातच वाया गेलं, आणि चूक माझीच होती. उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाजवळ थांबवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत एकही मूल आपण होऊन माझ्याकडे आलं नाही. येईल कशाला? सकाळी ज्याने डायरीत लाल शेरा मारला त्याला दुपारी घरचं भांडण कोण सांगेल?

म्हणून पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक आणि संस्थेचे मॅनेजर यांच्याशी बसून एका पानावर लिहून घ्या. मी कोणाला जबाबदार आहे. माझे ठरलेले तास किती (माझे दोन आहेत, त्याहून जास्त घेऊ नका). बसायची जागा कोणती. आणि शिस्त, परीक्षा, फी या तिन्हींशी माझा संबंध नाही. खाली दोघांच्या सह्या. मुख्याध्यापक बदलले की त्या पानाची किंमत कळते.

पहिला महिना नुसते हिंडा

परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं पोचा. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाला जाऊ नका, नळापाशी उभे राहा. डबा कोण खात नाही, कोण एकटाच खातो, कोण दुसऱ्याचा खातो, हे नळाजवळून दिसतं. एसटीची वाट बघणाऱ्या मुलांसोबत संध्याकाळी थांब्यावर दहा मिनिटं घालवा. नावं पाठ करा. नाव येत नसेल तर 'ए बाळा' म्हणून वेळ मारून नेऊ नका, सरळ विचारा. दुसऱ्यांदाही विचारलं तर चालतं, तिसऱ्यांदा मात्र पोरं हसतात.

घरच्या बोलीकडे कान ठेवा. इकडे मालवणी, वसईत सामवेदी किंवा वाडवळी, कोर्लईत तर पोर्तुगीजमधून आलेली वेगळीच बोली. मूल शिक्षकांशी पुस्तकी मराठी बोलतं आणि दुखणं मात्र घरच्या बोलीत सांगतं. मालवणी बोलता नाही आली तरी हरकत नाही. ओढूनताणून बोललात तर उलट नाटकी वाटतं. समजली मात्र पाहिजे.

परिपाठातली तीन मिनिटं

आपल्या शाळांचा परिपाठ ठरलेला असतो: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या. त्यात चॅप्लिनला मिळाली तर तीन मिनिटं. पाचवं मिनिट सुरू झालं की मागच्या रांगेतली मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर येतात. तेच तुमचं घड्याळ.

या तीन मिनिटांत प्रवचन करू नका, गोष्ट सांगा, आणि ती इथल्या मातीत रुजेल अशी निवडा. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे: जाळं समुद्रात टाकलं, भरल्यावर किनाऱ्याला ओढलं, बसून चांगले मासे टोपल्यांत भरले, वाईट फेकून दिले. ही तर आपली रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मी तो दाखला एकदा रापणीच्या भाषेत रंगवून सांगितला. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं, ओल्या वाळूत रुतणाऱ्या टाचा, घोळात उसळणारी तारली. शेवटी म्हणालो, "आणि नको असलेली मासळी फेकून दिली." सातवीतला गाबितांचा, म्हणजे मासेमारांच्या घरातला, एक पोरगा रांगेतूनच बोलला, "फादर, ती कोण टाकणत नाय. माडाच्या मुळात घालतत."

सगळी शाळा हसली, मीही हसलो. त्या दिवशी दाखल्याचा शेवट मी तिथेच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला पुढे बोलावून रापणीचे वाटे कसे पडतात ते सांगायला लावलं. दोर ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, हे त्याने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. न्यायनिवाड्यावरचं माझं टिपण खिशातच राहिलं.

गाणं निवडताना रेव्हरंड टिळकांकडे वळा. नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, म्हणजे इथलेच. त्यांची भजनं टाळ-पेटीवर सहज बसतात आणि कुठल्याही घरातल्या मुलाला परकी वाटत नाहीत. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओव्यांत रचून छापली होती. ही परंपरा हाताशी असताना इंग्रजी अॅक्शन साँगवर मुलांना उड्या मारायला लावणारे चॅप्लिन पाहिले की मला वाईट वाटतं. बालवाडीपुरतं ठीक आहे. परिपाठात मात्र सर्वांना म्हणता येईल अशीच प्रार्थना घ्या, येशूच्या नावाने संपणारी नको. कारण पुढच्याच मुद्द्यात आहे.

'पोरगा बाटणार तर नाही ना?'

या किनाऱ्याला मिशनरी शाळा नव्या नाहीत. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला उतरले आणि तिथे व हर्णैला त्यांनी शाळा काढल्या. तेव्हापासून पालकांच्या मनात दोन गोष्टी जोडीने राहतात: तिथे शिक्षण चांगलं, आणि पोर बाटणार तर नाही ना. दुसरीचा राग मानू नका. तो प्रश्न तोंडावर विचारणारा पालक मागून बोलणाऱ्यापेक्षा बरा.

कायदा स्पष्ट आहे. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे 'आमची शाळा, आमचे नियम' हे इथे चालत नाही.

व्यवहारात काय करायचं ते सांगतो. जूनच्या पालकसभेत स्वतः उभे राहा आणि दोन वाक्यांत सांगा की मी कोण, काय करतो आणि काय करत नाही. धर्मशिक्षणाचा संमतीअर्ज मराठीतून, एका पानाचा, पालकांच्या सहीचा घ्या. ख्रिस्ती पालकांकडूनही घ्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांच्या अपेक्षा वेगळ्या असतात, हे आपण सोयीस्कर विसरतो. त्या तासाला बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतील, ती ग्रंथालयात किंवा मैदानावर 'उरलेली' म्हणून हिंडणार नाहीत, एवढं वेळापत्रकातच पक्कं करा. पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेला कोण येणार हेही याच अर्जावरून ठरवा. वर्गशिक्षकांनी रांग लावून सगळा वर्ग चर्चमध्ये आणला तर बाहेरूनच परत पाठवा. मी पाठवला आहे, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये दोन दिवस कुजबुज ऐकली आहे.

कधीतरी एखादा हिंदू किंवा मुसलमान मुलगा विचारतो, "फादर, मी ख्रिस्ती झालो तर?" माझं उत्तर ठरलेलं असतं: "तू अजून सज्ञान नाहीस. असलं काही आई-वडलांशी बोलायचं. शाळेत मी या विषयावर तुझ्याशी बोलणार नाही. पण हा प्रश्न आज का पडला, ते सांग." बहुतेक वेळा त्या प्रश्नामागे दुसरंच काही असतं, घरात मार पडलेला असतो किंवा मित्र तुटलेला असतो. त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

परीक्षेच्या आधी 'प्रार्थना करा ना' म्हणून सगळ्याच घरांतली मुलं येतात. मी म्हणतो, "चल, दोन मिनिटं गप्प बसू. तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या." डोक्यावर हात ठेवणं, तेल लावणं, जपमाळ देणं यातलं काही नाही. गणपतीनंतर मुलं मोदक, पंचखाद्य घेऊन येतात. मी खातो. काही सहकारी खात नाहीत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण नको म्हणायचं तर हात जोडून, हसून म्हणा. मुलाच्या हातातली वाटी परत जाताना ते तुमच्या तोंडाकडे बघत असतं.

मूल बोलायला येतं तेव्हा

खोली कॉरिडॉरमधून दिसणारी हवी. दाराला काच असावी, नसेल तर दार उघडं ठेवा. चर्चची सॅक्रिस्टी (वेदीमागची तयारीची खोली) किंवा फादरचा बंगला, ही मुलाशी एकट्याने बोलायची जागा नव्हे. टेबलाच्या पलीकडे बसू नका. दोन खुर्च्या तिरक्या ठेवा, म्हणजे मुलाला तुमच्याकडे बघायचं नसेल तर खिडकीबाहेर बघता येतं. मुलगी असेल तर सिस्टर किंवा बाई नजरेच्या टप्प्यात असू द्या. रात्री मुलांना व्हॉट्सअॅप करू नका, त्यांनी केला तर उत्तर पालकांच्या फोनवर द्या.

मूल 'मला बोलायचंय' असं म्हणत नाही. आठवीतला एक मुलगा तीन दिवस माझ्याकडे खडू मागायला येत होता. माझ्याकडे खडू नसतात हे त्याला माहीत होतं. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर आला, छत्री उघडत-मिटत राहिला आणि म्हणाला, "फादर, माका आज घराक जाऊचा नाय."

इथे घाई झाली की सगळं बिघडतं. 'का? काय झालं? कोणी मारलं?' असा भडिमार करू नका. मी नुसतं "बस" म्हटलं. पाऊस पडत होता. पाचेक मिनिटं आम्ही पागोळ्या बघत बसलो. मग तो "आवशीक सांगू नकात", म्हणजे आईला सांगू नका, असं म्हणाला, तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. हे वाक्य आलं की काहीही ऐकायच्या आधी आपली बाजू सांगायची असते. माझे शब्द साधारण असे असतात: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावंच लागेल. कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुलं उठून जातात. जाऊ द्या. ती परत येतात, कारण तुम्ही खोटं बोलला नाहीत. तो मुलगा थांबला. बाप दारू पिऊन आला की आईला मारत होता, आणि त्या दिवशी बाप बंदरातून लवकर येणार होता. त्याच्या संमतीने मी मामाला फोन केला, मामा येऊन त्याला आणि आईला घेऊन गेला. पुढचं पुष्कळ काही माझ्या हातात नव्हतं.

पण गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा कळला, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचा जबाब पोलीस साध्या कपड्यांत, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतात, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे पालकांना सांगा, त्यांची निम्मी भीती इथेच जाते. 'आधी संस्थेत चौकशी करू, मग बघू' असं कोणीही म्हणालं, अगदी आपल्यापेक्षा मोठं कोणी म्हणालं, तरी ऐकायचं नाही.

तुम्ही धर्मगुरू असाल तर आणखी एक पथ्य पाळा. प्रायश्चित्त संस्काराचं गुपित आणि शाळेतलं बोलणं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. शाळेच्या खोलीत पापनिवेदन ऐकू नका, ते चर्चमध्ये, ठरलेल्या वेळी. आपण काय ऐकलं आणि कुठल्या नात्याने ऐकलं, याचा गोंधळ मुलाच्या मनात राहता कामा नये, तुमच्या तर नाहीच.

मूल 'जगण्यात अर्थ नाही' असं काही बोललं तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, पालकांना बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करा. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ हे दोन नंबर माझ्या दारावर बाहेरून चिकटवले आहेत, म्हणजे मी नसलो तरी दिसतात.

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, मुलाचे स्वतःचे शब्द. तुमचा अंदाज लिहू नका. कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याकडे.

घरात कोणी गेलं तर

किनाऱ्यावर हे येतंच. होडी उलटते, साप चावतो, हायवेवर अपघात होतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला आणि महाडजवळ तळियेवर दरड कोसळली, त्यानंतर पाऊस वाढला की दूरदूरच्या शाळांत मुलं डोंगराकडे बघायला लागली.

बातमी आली की आधी घरच्या माणसाकडून खात्री करा. ग्रुपवरची बातमी ही बातमी नव्हे. मुलाला वर्गातून बोलवायला शिपायाला पाठवू नका, वर्गशिक्षिकेसोबत स्वतः जा, दप्तरही बरोबर घ्या, नाहीतर मूल दप्तरासाठी परत वर्गात जाईल आणि सगळ्यांच्या नजरा झेलेल. सांगायचं काम शक्यतो घरच्यांचं. तुम्हालाच सांगावं लागलं तर सोपं आणि खरं सांगा: "बाबा वारले." लहान मुलाला 'देवाघरी गेले' म्हटलं की ते विचारतं, कधी येणार? आणि होडी बुडाली पण माणूस सापडला नाही, अशा वेळी 'येतील, धीर धर' असं म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नसतं. "शोध चालू आहे, मी इथेच आहे" एवढंच पुरतं.

घरी जा. मुसलमान घरात दफन बहुधा त्याच दिवशी होतं, म्हणून लगेच निघा. हिंदू घरात बाराव्या-तेराव्यापर्यंत कधीही जाऊन बसा. कोणी सांगितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना नको. चहा दिला तर प्या.

आणि एक अगदी बारीक गोष्ट. विद्यार्थीच गेला असेल तर सकाळी शाळा उघडण्याआधी त्या वर्गाचा हजेरीपट स्वतः बघा. एका वर्षी आमच्याकडे सवयीने नाव पुकारलं गेलं. वर्ग गप्प झाला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच 'हजर' म्हणालं. तेव्हापासून मी वर्गशिक्षकांना आदल्या संध्याकाळीच फोन करतो. बाक लगेच हलवू नका. कधी हलवायचा ते वर्गालाच ठरवू द्या.

कॅलेंडर दर्याचं असतं

यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि वह्या, गणवेश, छत्री नेमकी जूनमध्ये घ्यावी लागते. मदत करायची ती याच वेळी, आणि क्लार्ककडून गुपचूप, फोटो न काढता. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की आठवी-नववीची काही मुलं गायब होतात. घरी जाऊन 'शनिवार-रविवार ने, बाकी दिवस पाठव' इथपर्यंत सौदा करता येतो.

चाकरमान्यांच्या घरांत सगळ्यात जड आठवडा गणपतीनंतरचा. मुंबईचा बाप दहा दिवस घरात असतो, मग एके रात्री जातो, आणि सकाळी मूल आजीसोबत शाळेत येतं. पोटात दुखण्याच्या तक्रारी त्या आठवड्यात वाढतात. मी तेव्हा पॅरिशची बाहेरची कामं ठेवत नाही. नाताळात उलट सगळे तुम्हाला शोधतात, गोठा, नाटक, तारे. ते कलाशिक्षकांकडे सोपवा. राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि दहावीची परीक्षा अनेकदा लागून येतात, उपवासाच्या नादात मुलं रिकाम्या पोटी पेपरला जाणार नाहीत एवढं बघा.

स्टाफरूमबद्दल एकच सांगतो. शिक्षकही बोलायला येतात, बहुतेकदा मुख्याध्यापकांबद्दल. ऐका, पण निरोप्या होऊ नका.

बदली झाली की

पुन्हा मे महिना, पुन्हा पत्र. मागे राहणाऱ्या नोंदींपैकी पोलीस किंवा कोर्टाशी संबंधित कागद मुख्याध्यापकांकडे सीलबंद द्या आणि पोच घ्या. बाकी खासगी टिपणं स्वतः जाळा, रद्दीत टाकू नका. आमच्याकडे रद्दीत भेळ बांधून मिळते. नव्या चॅप्लिनसाठी एकच चिठ्ठी ठेवा, त्यात सात-आठ नावं, कारणं न लिहिता: 'यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात भेटा.' मागच्या वेळी माझ्या हाती अशी चिठ्ठी आली होती, तीत तिसऱ्या नावापुढे कंसात लिहिलं होतं, 'हा खडू मागेल.'